गाभण उंदरांच्या डॉप्लर तपासणीत नाळेचा प्रवाह पुन्हापुन्हा तुटलेला दिसणे : कारणे आणि निवारण

मुंबईतील ज्या प्रयोगशाळेत मी गाभण उंदरांच्या रक्तप्रवाहाची डॉप्लर सोनोग्राफी (ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणारी तपासणी) करते, तेथे एक अडचण वर्षातून दोनदा हमखास डोके वर काढत असे. नियंत्रण गटातील मादी, म्हणजे जिला कोणतेही औषध दिलेले नाही आणि जिच्यात कोणताही जनुकीय बदल केलेला नाही अशी मादी, गर्भकाळाच्या १७.५ व्या दिवशी तपासायला घेतली, की पहिल्या दोन-तीन गर्भांच्या नाभी धमनीत (नाळेतून गर्भाचे रक्त वारेकडे, म्हणजे प्लॅसेंटाकडे, नेणाऱ्या धमनीत) प्रसरणकाळाच्या, म्हणजे हृदय सैल पडण्याच्या काळाच्या, अखेरीसही थोडासा प्रवाह दिसे. त्यानंतरच्या गर्भांत मात्र दोन ठोक्यांच्या मधला प्रवाह शून्यावर येऊन थांबे आणि तपासणी संपेपर्यंत तो तसाच राही. एकाच मादीच्या पोटातले, एकाच वाणाचे, एकाच दिवसाचे गर्भ. त्यांतले निम्मे निरोगी आणि निम्मे वाढ खुंटलेल्या गर्भांसारखे दिसावेत, हे पटण्यासारखे नव्हते. शवविच्छेदनात त्या सर्वांची वजने जवळपास सारखीच निघत, तेव्हा तर ते अजिबातच पटेना.

हा दोष वाटतो तितका निरुपद्रवी नाही. प्रयोग गटातील मादीत हेच चित्र दिसले असते, तर आम्ही ते आनंदाने औषधाचा किंवा जनुकाचा परिणाम म्हणून वहीत लिहून टाकले असते. हे काम नव्याने हाती घेतलेल्या विद्यार्थ्यांचे बरेचसे प्रश्न याच ठिकाणी येऊन अडतात, म्हणून कारण कसे सापडले आणि त्यावर काय केले ते येथे सविस्तर लिहीत आहे.

माणसाचे ठोकताळे उंदराला लावू नयेत

स्त्रीरोग विभागातील सोनोग्राफी पाहून आलेल्या व्यक्तीची पहिली गफलत येथेच होते. माणसाच्या गरोदरपणात शेवटच्या तिमाहीत नाभी धमनीतला प्रसरणाच्या अखेरीचा प्रवाह नाहीसा झाला, तर ती गंभीर बाब असते आणि डॉक्टर तातडीने निर्णय घेतात. उंदरात गर्भकाळच सुमारे १९ ते २० दिवसांचा असतो आणि त्यातील बराच काळ हा प्रवाह शून्य असणे निरोगी गर्भातही सामान्य आहे. तो दिसू लागतो तो अखेरच्या दिवसांत. त्यामुळे १४.५ व्या दिवशी शून्य दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. अस्वस्थ व्हावे ते एकाच बैठकीत, एकाच मादीत, आधी दिसलेला प्रवाह नंतर गेला असेल तर.

दुसरा फरक ठोक्यांचा. माणसात गर्भाचे हृदय आईपेक्षा जलद चालते. उंदरात नेमके उलट असते. भूल दिलेल्या मादीचे हृदय मिनिटाला साधारण ४०० ते ५५० वेळा धडकते, तर गर्भकाळाच्या अखेरीस गर्भाचे ठोके साधारण २०० ते २५० च्या आसपास असतात. हा फरक कायम ध्यानात ठेवावा, कारण पडद्यावरची रेघ आईची की गर्भाची हे ठरवण्याचे त्याहून सोपे आणि खात्रीचे साधन दुसरे नाही.

आता प्रवाह तुटतो कसा, ते पाहू. आकुंचनाच्या वेळी धमनीत रक्ताचा वेग शिखरावर जातो आणि पुढचा ठोका येईपर्यंत तो हळूहळू उतरत राहतो. ठोके मिनिटाला २४० असतील, तर दोन ठोक्यांत २५० मिलिसेकंदांचे अंतर असते. वेग पूर्ण उतरण्यापूर्वीच नवा ठोका येतो आणि म्हणून अखेरीस थोडा प्रवाह शिल्लक दिसतो. ठोके १५० वर आले, की हेच अंतर ४०० मिलिसेकंद होते. वारेतला रोध तसूभरही वाढलेला नसला तरी उताराला आता जास्त वेळ मिळतो, रेघ तळाला टेकते, आणि प्रतिरोध निर्देशांक (शिखराचा आणि अखेरीचा वेग यांतला फरक भागिले शिखराचा वेग) १ होऊन बसतो. यात वारेचा काहीही दोष नसतो. हृदय मंदावलेले असते, एवढेच. म्हणूनच नाळेची कोणतीही नोंद गर्भाच्या ठोक्यांशिवाय वाचू नये, असे माझे ठाम मत आहे. ठोके न लिहिलेला निर्देशांक मी आता तपासायलाही घेत नाही.

तेव्हा खरा प्रश्न असा होता, की आमच्या गर्भांची हृदये तपासणीच्या मध्यावर मंद का होत होती.

आम्ही कोठे चुकलो

प्रथम संशय यंत्रावर गेला. प्रोब, म्हणजे पोटावर ठेवायचा ध्वनिलहरींचा संवेदक, तापल्यावर त्याची संवेदनक्षमता कमी होत असेल आणि म्हणून मंद प्रवाह टिपला जात नसेल, असा तर्क होता. कंपनीच्या अभियंत्याने येऊन तपासणी केली आणि प्रोब निर्दोष असल्याचे सांगितले. ते खरेही होते, कारण त्याच बैठकीत आईच्या गर्भाशय धमनीची रेघ स्वच्छ उमटत होती. आम्ही ती आधीच नीट पाहिली असती, तर अभियंत्याची वाट पाहण्यात पंधरवडा गेला नसता.

मग संशय भुलीवर आला आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. आयसोफ्लुरेन (आमचे भुलीचे औषध) रक्तवाहिन्या सैल करते, आईचा रक्तदाब उतरवते आणि वार ओलांडून गर्भापर्यंतही पोहोचते. मात्रा जितकी जास्त तितका परिणाम जास्त. आम्ही भूल देताना सुरुवातीला ३ ते ४ टक्के आणि पुढे १.५ टक्के ठेवत होतो. ते १ टक्क्यावर आणले. परिणाम असा झाला, की मादी मधूनच पाय झाडू लागली, श्वास अनियमित झाला, आणि हलणाऱ्या पोटावर गेट (ज्या जागेचा प्रवाह मोजायचा ती पडद्यावरची खूण) नेमक्या जागी ठेवणे अशक्य होऊन तपासणीचा वेळ दुपटीने वाढला. वेळ वाढला तसा दोषही वाढला. त्या वेळी आम्हाला त्याचा अर्थ कळला नाही.

मार्ग सापडला तो एका विद्यार्थिनीच्या साध्या प्रश्नामुळे. उंदराच्या गर्भाशयाला दोन शिंगे असतात, आणि आम्ही नेहमी मूत्राशयापासून सुरुवात करून आधी डाव्या शिंगातले गर्भ मोजत असू व मग उजव्या. तिने जुन्या वह्या चाळून विचारले, की खराब नोंदी नेहमी उजव्याच बाजूला का असतात. काहींनी त्यावर शरीररचनेची स्पष्टीकरणे सुचवली. पुढच्या आठवड्यात आम्ही क्रम उलटा केला, उजवीकडून सुरुवात केली, आणि खराब नोंदी डाव्या बाजूला गेल्या. म्हणजे दोष बाजूचा नव्हता, वेळेचा होता. विसाव्या-पंचविसाव्या मिनिटानंतर जो गर्भ प्रोबखाली येईल, त्याचे हृदय मंद दिसत होते. ही उलटापालट करायला एक दिवस लागतो आणि खर्च काहीच येत नाही; कोणालाही अशी अडचण आली, तर सर्वांत आधी हेच करावे.

गुदमार्गातला तापमापक

वेळेबरोबर वाढणारा दोष म्हटल्यावर शरीराचे तापमान हे पहिले कारण सुचायला हवे होते. पण आमच्या पडद्यावर ते प्रत्येक वेळी ३७ अंशांच्या आसपास दिसत होते, म्हणून ती शक्यता आम्ही कधीच बाद केली होती. येथेच खरी मेख होती.

मादीला तापत्या पाटीवर उताणे ठेवून पंजे इलेक्ट्रोडवर चिकटवले जातात, आणि वंगण लावलेला बारीक तापमापक गुदमार्गात घातला जातो. त्यानंतर पोटावरचे केस काढण्याची क्रीम लावून पुसताना, किंवा मोठ्या पोटाची मादी किंचित सरकवताना, हा तापमापक अलगद बाहेर येतो आणि शेपटीखाली पाटीवरच टेकून राहतो. मग पडद्यावर दिसते ते पाटीचे तापमान. त्याहून वाईट म्हणजे, पाटीची ऊब याच तापमापकाच्या वाचनावरून आपोआप कमी-जास्त होत असेल, तर यंत्राची समजूत होते की प्राणी पुरेसा उबदार आहे, आणि ते ऊब वाढवण्याऐवजी कमी करते. मादी गार पडत जाते आणि पडद्यावर सगळे आलबेल असते. एके दिवशी तपासणी संपवताना तापमापक उचलायला गेले, तेव्हा तो शरीरात नव्हताच. दुसरा तापमापक घालून पाहिले, तर मादी ३४ अंशांच्याही खाली गेलेली होती. निरोगी मादीचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांच्या दरम्यान राहायला हवे.

एवढ्याशा शरीरातून ऊब किती लवकर जाते, याचा अंदाज आपल्याला सहसा येत नाही. वजनाच्या मानाने उंदराच्या त्वचेचे क्षेत्रफळ फार मोठे असते. भुलीखाली तो थरथरून ऊब निर्माण करू शकत नाही, त्याच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात, आणि आपण त्याच्या पोटावरचे केस काढून ते ओले केलेले असते. गर्भाला स्वतःची ऊब सांभाळण्याची सोय नसते; आईचे तापमान उतरले की त्याचे उतरते, आणि त्याचे हृदय मंदावते.

हे सर्व उन्हाळ्यातच का व्हावे, हे कोडे त्यानंतर सुटले. आमचा त्रास एप्रिल-मेमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात वाढत असे, जानेवारीत जवळजवळ नाहीसा होत असे. बाहेर उकाडा वाढला, घामाच्या धारा लागल्या, की खोलीतील एसी १८ अंशांवर येतो. लोकलमधून उतरून आलेल्या कोणालाही ते नकोसे वाटत नाही, आणि सोनोग्राफी यंत्रालाही थंडावा लागतोच. आमच्या खोलीत एसीचा झोत नेमका तपासणीच्या टेबलावर येत होता. जेलची बाटली रात्रभर त्याच खोलीत ट्रॉलीवर उभी असे, म्हणजे ३७ अंशांच्या उघड्या पोटावर आम्ही विसाच्या आतबाहेरचे जेल भरभरून ओतत होतो. प्राणीगृहातून पिंजरा आणताना वाटेतल्या गार व्हरांड्यात जाणारी दहा मिनिटे वेगळीच. मुंबईतला उकाडा आमच्या माद्यांना गारठवत होता.

केलेले बदल

तापमापक आता घातल्यावर शेपटीच्या मुळाशी कागदी चिकटपट्टीने दोन ठिकाणी बांधला जातो, आणि तपासणीच्या सुरुवातीला, केस काढून झाल्यावर व प्रत्येक शिंगाच्या शेवटी तो शरीरातच आहे याची डोळ्यांनी खात्री केली जाते. त्याची आणखी एक सोपी परीक्षा आहे: शरीरातल्या तापमापकाचे वाचन सावकाश, अंशाच्या दहाव्या भागाने हलते; पाटीवर पडलेला तापमापक पाटीची ऊब कमी-जास्त होताच झपझप वरखाली होतो.

एसीची झडप वळवून झोत भिंतीकडे केला आणि तपासणीच्या सकाळी खोली २५ ते २६ अंशांवर ठेवली. याबद्दल सुरुवातीला खोलीत बरीच कुरकुर झाली, ती साहजिकच होती. दोन आठवड्यांच्या नोंदी समोर ठेवल्यावर ती थांबली. जेल गरम पाण्याच्या पात्रात ३७ अंशांवर ठेवले जाते आणि बाटली उलटी ठेवली जाते, म्हणजे बुडबुडेही तळाकडे निघून जातात. केस आदल्या दिवशी यंत्राने बारीक करून घेतले, तर दुसऱ्या दिवशी क्रीम अर्ध्या-पाऊण मिनिटापेक्षा जास्त ठेवावी लागत नाही; ती कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसून पोट लगेच कोरडे करावे. संपूर्ण पोट उघडे करण्याची गरज नसते. जो भाग प्रोबखाली नाही, तो गॉजने झाकलेला ठेवावा.

उबेचा दिवा वापरत असल्यास मात्र जपावे. मादी ३८ अंशांच्या वर गेली, तर ठोके वाढतात, निर्देशांक खोटे चांगले दिसू लागतात, आणि गर्भाला अपाय होतो तो वेगळाच. मी स्वतः दिवा फक्त सुरुवातीच्या तयारीपुरता वापरते.

भुलीबद्दल आमचा अनुभव असा, की मात्रेचा आकडा किती यापेक्षा तो सर्व गटांत आणि सबंध बैठकीत एकच असणे महत्त्वाचे आहे. आम्ही १.५ टक्क्यांवरच परतलो. आयसोफ्लुरेन शुद्ध ऑक्सिजनमधून द्यायचे की हवेतून, हेही एकदा ठरवून मग बदलू नये. श्वास धापा टाकल्यासारखा खोल आणि तुटक झाला, तर भूल जास्त झालेली आहे. बंद वातानुकूलित खोलीत काम करणाऱ्यांनी निचऱ्याची नळी आणि जादा भूलवायू शोषणारा कोळशाचा डबा वेळच्या वेळी तपासावा. हा डबा वजनावर बदलायचा असतो, डोळ्यांना तो भरलेला दिसत नाही.

वेळेचे बंधनही घालून घेतले. भूल दिल्यापासून ४५ मिनिटांत मादी पिंजऱ्यात परत गेली पाहिजे. तेवढ्यात सर्व गर्भ होत नाहीत, आणि ते होण्याचा हट्टही धरू नये. मूत्राशय ही खूण धरून दोन्ही बाजूंचे पहिले दोन-दोन गर्भ खात्रीने ओळखता येतात. त्यापुढचे गर्भ आतड्यांआड एकमेकांवर आलेले असतात, आणि कोणाला कोणता क्रमांक दिला याचा विच्छेदनाशी मेळ बसत नाही. चार खात्रीच्या नोंदी दहा संशयास्पद नोंदींपेक्षा केव्हाही बऱ्या.

तापमान ठीक असूनही प्रवाह तुटलेला दिसला तर

आधी वॉल फिल्टर पाहावा. धमनीच्या भिंतीच्या हालचालीचा आवाज गाळण्यासाठी यंत्र कमी वारंवारतेचे संकेत टाकून देते, आणि त्याबरोबर मंद रक्तप्रवाहही जातो. हिशेब सोपा आहे. ३० मेगाहर्ट्झच्या प्रोबवर, ध्वनिलहर आणि रक्तप्रवाह यांच्यात ६० अंशांचा कोन असताना, ४०० हर्ट्झचा फिल्टर ठेवला, तर सेकंदाला सुमारे २ सेंटिमीटरपेक्षा कमी वेगाचे रक्त पडद्यावर उमटतच नाही. १०० हर्ट्झवर ही मर्यादा सुमारे अर्ध्या सेंटिमीटरवर येते. प्रसरणाच्या अखेरीस गर्भाच्या धमनीत उरतो तो नेमका असाच मंद प्रवाह. रेघ उताराच्या मध्येच कापल्यासारखी सरळ तुटत असेल आणि तळरेषेच्या वर एक काळी पट्टी दिसत असेल, तर तो फिल्टरच समजावा. यंत्र अनेक जण वापरत असतील, तर आधीच्या माणसाने हृदयाच्या तपासणीसाठी चढवलेला फिल्टर तसाच राहून जातो; आम्ही आता आमची मांडणी वेगळ्या नावाने साठवून ठेवली आहे आणि दर सकाळी तीच उघडतो.

कोनाचा दोष वेगळ्या जातीचा आहे. प्रतिरोध निर्देशांक हे गुणोत्तर असल्याने कोन चुकला तरी तो बदलत नाही. वेग मात्र बदलतो, आणि कोन जितका मोठा तितका जास्त. खरा कोन ३० अंश असताना ३५ धरला, तर वेग सुमारे ६ टक्क्यांनी जास्त येतो. खरा ६० असताना ६५ धरला, तर सुमारे १८ टक्क्यांनी. आणि ७० च्या जागी ७५ धरला, तर ३२ टक्क्यांनी. म्हणून ६० च्या पुढचा कोन स्वीकारूच नये. नाळ पीळदार असते, त्यामुळे प्रोब किंवा पाटी कलती करून सरळ तुकडा शोधावा लागतो; त्याला वेळ द्यावा. जागाही ठरलेली असावी. आम्ही नाळेचा मोकळा मधला भाग घेतो आणि वारेजवळची नोंद त्यात मिसळत नाही.

धमनी चुकीची निवडली जाणे हे नवशिक्यांच्या बाबतीत वारंवार घडते. उंदराच्या नाळेत एक धमनी आणि एक शीर शेजारी शेजारी असतात. गेट बरोबर पडले, तर तळरेषेच्या एका बाजूला धमनीचे शिखर आणि दुसऱ्या बाजूला शिरेचा संथ पट्टा एकाच वेळी दिसतो. तसे दिसले की निश्चिंत व्हावे. वारेच्या आत मात्र फसगत होते, कारण उंदरात आईच्या रक्ताचे मोठे मार्ग वारेचा चक्रव्यूह (आई आणि गर्भ यांच्या रक्तातील देवाणघेवाणीचा थर) पार करून गर्भाकडच्या बाजूपर्यंत येतात आणि तेथून रक्त मागे फिरते. त्यांची रेघ मऊ, कमी चढउताराची आणि दिसायला अतिशय ‘निरोगी’ असते. ठोके मोजले, ते साडेचारशे निघाले, की ती आईची.

आईच्या गर्भाशय धमनीबाबतही अशीच अदलाबदल होते. ती मूत्राशयाच्या मागे, गर्भाशयमुखाच्या बाजूला शोधावी लागते, आणि तेथेच श्रोणीतील मोठी धमनी जाते, जिच्यात प्रसरणकाळी प्रवाह जवळजवळ नसतो किंवा क्षणभर उलटा जातो. गर्भाशय धमनीत गाभण काळाच्या उत्तरार्धात प्रसरणभर प्रवाह चालू असतो. एका बाजूचा निर्देशांक दुसऱ्या बाजूपेक्षा फारच जास्त आला, तर रोग समजण्याआधी प्रवाह रंगात दाखवणाऱ्या कलर डॉप्लरवर ती धमनी कोठून निघते ते मागे जाऊन पाहावे. प्रत्येक शिंगाला गर्भाशय धमनी एका टोकाने आणि अंडाशयाची धमनी दुसऱ्या टोकाने रक्त पुरवते, त्यामुळे दोन बाजूंत थोडा फरक स्वाभाविकच असतो; दोन्ही मोजून सरासरी घ्यावी.

प्रोबचा दाब हे आणखी एक कारण. हाताने धरलेला प्रोब नकळत पोटात रुतत जातो, विशेषतः चित्र अस्पष्ट असताना. प्रोब स्टँडवर ठेवावा आणि त्याच्या व त्वचेच्या मध्ये जेलचा स्पष्ट थर दिसत राहावा. शेवटच्या दिवसांत उताणी मादी फार वेळ ठेवली, तर भरलेले गर्भाशय पाठीमागच्या मोठ्या शिरेवर भार टाकू शकते. पाटी किंचित एका कुशीवर कलती केल्याने आईचे ठोके स्थिरावतात का, ते पाहावे. जेलमधील बुडबुडे आणि उरलेले केस यांचा उपाय सांगण्याची गरज नाही. पुन्हा पुसावे, पुन्हा लावावे.

गर्भाच्या वयाची चूक मात्र पडद्यावर दिसत नाही, म्हणून ती मागे राहून जाते. योनीतील प्लग (समागमानंतर तेथे राहणारा घट्ट गोळा) सापडलेल्या दिवसाची दुपार ०.५ धरली जाते. पावसाळ्यात लोकल रखडली आणि प्लग पाहणारा दुपारी पोहोचला, तर तोवर प्लग गळून गेलेला असतो, आणि तीच मादी दुसऱ्या दिवशी पुन्हा नराबरोबर ठेवली गेली, तर हिशेब एका दिवसाने चुकतो. माणसाच्या गरोदरपणात एक दिवस काहीच नाही, उंदरात १६.५ आणि १७.५ यांच्या रेघा वेगळ्या असतात. गर्भाची लांबी त्याच बैठकीत मोजून ठेवली, तर ही चूक नंतर पकडता येते.

नोंदींचे काय करावे

प्रत्येक रेघेबरोबर चार गोष्टी लिहिल्या जातात: भूल दिल्यापासून झालेली मिनिटे, आईचे तापमान, आईचे ठोके, गर्भाचे ठोके. श्वासांच्या मधली, सलग तीन ते पाच ठोक्यांची सरासरी घेतली जाते. प्रतिरोध निर्देशांकाबरोबर स्पंदन निर्देशांकही (तोच फरक भागिले सरासरी वेग) काढावा, कारण अखेरीचा प्रवाह शून्य झाल्यावर पहिला १ वर अडकून पडतो आणि पुढची घसरण सांगत नाही. दुसऱ्यात सरासरी वेग येत असल्याने तो सांगत राहतो.

कोणती नोंद वगळायची, याचा नियम कोणती मादी कोणत्या गटातली हे उघड करण्यापूर्वी ठरलेला असावा. आमच्याकडे आईचे तापमान ३६ अंशांच्या खाली गेल्यानंतरची कोणतीही नोंद विश्लेषणात जात नाही, ती कितीही सुंदर असली तरी. तपासणाऱ्याला मादी कोणत्या गटातील आहे हे माहीत नसते, आणि डावे शिंग आधी की उजवे, हे चिठ्ठी टाकून ठरते. विश्लेषणात एकक मादी आहे, गर्भ नव्हे; एका पोटातील चार गर्भ म्हणजे चार स्वतंत्र पुरावे धरले, तर एक गार पडलेली मादी संपूर्ण निष्कर्ष फिरवू शकते.

खऱ्या आजाराची रेघ वेगळी ओळखू येते. ज्यांच्यात रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील नायट्रिक ऑक्साइड बनवणारे विकर नाही अशा माद्यांसारख्या प्रारूपांत गर्भाची वाढ खरोखरच खुंटते, आणि तेथे बिघाड मिनिटांवर अवलंबून नसतो. तापमान आणि ठोके नेहमीच्या मर्यादेत असताना, तपासणीचा क्रम कोणताही असला तरी, तो त्याच गर्भात पहिल्या मिनिटालाही असतो आणि चाळिसाव्यालाही, आणि विच्छेदनात गर्भ किंवा वार यांच्या वजनातही त्याची खूण सापडते.

हे तपासण्यासाठी आम्ही प्रत्येक बैठकीच्या शेवटी, मादी पाटीवरून उचलण्याआधी, पहिल्या गर्भाकडे परत जातो आणि त्याची नाभी धमनी त्याच जागी, त्याच कोनात पुन्हा घेतो. त्याला तीन-चार मिनिटे जास्त लागतात. पहिल्या आणि शेवटच्या रेघेतील गर्भाचे ठोके एक दशांशाहून अधिक उतरले असतील, तर मधल्या सर्व नोंदींवर लाल शाईने खूण होते, आणि पुढची मादी आणण्यापूर्वी तापमापक, जेलचे पात्र व एसीची झडप पुन्हा तपासली जाते.